दाजींची पन्नासावी कविता

दाजी, तुम्ही जाऊन आज एकोणीस दिवस झाले. या दिवसांत घरी भेटायला किती माणसं येऊन गेली ते मी मोजलेलं नाही. माझी काय अवस्था आहे हे तुम्हाला यावरूनच कळेल.

येणारा प्रत्येक जण म्हणतो, माणूस फार भोळा होता. मी मान हलवतो, पण मला ते पटत नाही. मेहुण्याच्या, म्हणजे माझ्याच, लग्नात कार्यालयाच्या दाराशी मेंढीचं कोकरू आणून बांधणारा आणि नवरीकडच्या मंडळींना "आमच्या संजयरावांचा जोडीदार आणलाय, दोघं सारखेच गरीब हायेत" असं सांगणारा माणूस भोळा कसा? तुम्ही बेरकी होता. तुमच्या बेरकीपणानं कोणाचं नुकसान झालं नाही, एवढंच. माझ्या आक्काशी तुमचं लग्न झालं तेव्हापासून चौतीस वर्षं मी तुमची थट्टा सोसली आहे, त्यामुळे एवढं म्हणायचा हक्क मला आहे.

आज मला तुमच्या एकाच दिवसाबद्दल लिहायचं आहे. त्या दिवसावरून आपला सुरू झालेला वाद मिटला नाही आणि आता मिटायला तुम्ही नाहीत. तरीही नात्यातल्या कुठल्याही माणसाच्या कुठल्याही दिवसाचा मला एवढा अभिमान वाटलेला नाही.

आपल्या हर्सूलकडच्या कॉलनीचं वाचनालय म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिथे कवितांचा दिवस असतो. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत ज्याला जितक्या जमतील तितक्या कविता लिहायच्या. पहिल्या वर्षी अकरा जणांनी मिळून दोनशे चौऱ्याण्णव कविता आणून दिल्या. मोजायला मी होतो. वाळूजच्या कारखान्यात तपासणी विभागात सत्तावीस वर्षं काढल्यामुळे मोजणीचं काम निघालं की सगळे माझ्याकडे बघतात. मी आकडा सांगितला, टाळ्या झाल्या, आणि तुम्ही मागच्या बाकावरून विचारलंत, "यातल्या ऐकल्या किती?"

एकही नाही. सगळ्यांनी आपापल्या घरी बसून लिहिल्या होत्या आणि पिशवीतून आणल्या होत्या.

"मंग झाल्या कशा त्या?" तुम्ही म्हणालात. "मेंढी रानात व्याली अन् कोणी बघितलं नाय, तरी कोकरू असतंच. कवितेचं तसं नाय. कोणी ऐकल्याबिगर ती व्हत नाय."

तुम्ही पिशोरच्या मेंढपाळाचं पोर, दहावीनंतर जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून लागलेलं, औषधांच्या खोक्यांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर कविता लिहिणारं. वाचनालयातल्या शिकलेल्या लोकांनी तुमचं म्हणणं लगेच मान्य केलं. पुढच्या वर्षीपासून नियम झाला. प्रत्येक कविता कोणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायची आणि ऐकणाऱ्यानं खाली सही करायची. मी त्याला एक पोटनियम जोडला. ऐकणारा घरचा किंवा नात्यातला नसावा. नाहीतर सगळ्यांच्या बायका दिवसभर पेन घेऊन बसल्या असत्या. या पोटनियमाला सगळ्यांत आधी हात वर केलात तो तुम्ही. हे मी वादात अनेकदा सांगितलं आहे आणि आताही सांगतो.

तिसऱ्या वर्षी तुम्ही जाहीर केलंत, पन्नास लिहिणार. त्या दिवशी सूर्योदय सहा चोपन्नला होता आणि सूर्यास्त साडेसहाला. म्हणजे सहाशे शहाण्णव मिनिटं. लिहिणं, माणूस शोधणं, वाचणं, सही घेणं, या सगळ्याला मिळून एका कवितेसाठी चौदा मिनिटंसुद्धा येत नव्हती. मी तुम्हाला हा हिशोब करून दाखवला. तुम्ही म्हणालात, "जेवन धरलं का?" धरलं नव्हतं. "मंग जेवत नाय."

सकाळ चांगली गेली. साडेदहापर्यंत पंधरा झाल्या. पडवीत फिरायला आलेले लोक होते, पेपर वाचणारे होते, पहिली सही दूधवाल्याची होती. नववी कविता मला पाठ आहे.

*बाप मेंढरं मोजायचा*
*आणि एक जास्त सांगायचा.*
*पोटातलं धरून, म्हणायचा.*
*मीही एकदा असाच*
*मोजला गेलो असेन.*

ही तुम्ही वाचनालय चालवणाऱ्या देशमुखबाईंना ऐकवलीत. त्यांनी सही केली आणि तुमचं पेन घेऊन आत निघून गेल्या. दहाव्या कवितेसाठी मी तुम्हाला माझं पेन दिलं.

अकराच्या सुमारास आक्का चहाचा थर्मास घेऊन आली. तिनं कागद चाळले. तिला वाचायला वेळ लागतो, पण मथळे ती पटकन वाचते.

"मेंढ्यांवर चार, दवाखान्यावर तीन, म्हशीवर दोन," ती म्हणाली. "संज्या, तुझ्या दाजीला विचार, माझा नंबर म्हशीच्या मागं तरी हाय का नाय?"

"तिच्या पुढं तू कशी लागशील? ती दूध देती," तुम्ही मान वर न करता म्हणालात.

पडवी हसली. आक्काही हसली. पण ती हे दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी तिच्या आवाजात थोडं खरं असायचं. बत्तीस वर्षांत तुम्ही तिच्यावर ओळ लिहिली नव्हती. तुमच्या लोकांत बायकोबद्दल चारचौघांत बोलणं म्हणजे हलकेपणा. तुम्ही तिचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नाही. तुमच्या तोंडी ती कायम "प्रकाशची माय" होती, प्रकाश जन्मायच्या आधी तुम्ही तिला काय म्हणत होता देव जाणे.

आणि मग पाणी आलं. आपल्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं आणि ते सोमवारी यायचं होतं. बाराला दहा मिनिटं असताना गल्लीतून कोणीतरी ओरडलं, "पाणी आलं!" दोन मिनिटांत पडवी रिकामी झाली. कवी, ऐकणारे, देशमुखबाई, सगळे घराकडे पळाले. आठ दिवसांच्या पाण्यापुढे कविता कोण ऐकतो? मी म्हणालो, "दाजी, आता दोन तास कोणी मिळणार नाही. पन्नास विसरा."

तुम्ही वही उचललीत. "ते येत नायत तर आपुन जाऊ."

तुम्ही पुढे आणि शाई-पॅड, वाचनालयाचा शिक्का आणि घड्याळ घेऊन मी मागे. चार गल्ल्या फिरलो. दरवाजे उघडे, मोटारी सुरू, बायका पाइप धरून उभ्या. तुम्ही फाटकात उभे राहून मोटारीच्या वर आवाज चढवून वाचत होता.

*नळ आला तशी गल्ली धावली.*
*मी कविता घेऊन उभा.*
*बाई म्हणाल्या, वाचा, पण*
*टाकी भरेपर्यंतच.*

त्या बाई खरंच तसं म्हणाल्या होत्या. दीड मिनिटापूर्वी. स्वतःचं वाक्य कवितेत ऐकून त्यांनी पाइप सोडला आणि तुम्ही पायापासून गुडघ्यापर्यंत भिजलात. ओल्या हातानं केलेली ती सही आजही पसरलेली दिसते. एका गच्चीवर गृहस्थ टाकीत डोकं घालून पाहत होते. ते वरूनच म्हणाले, "काका, मोठ्यानं वाचा, मी खाली येत नाही!" तुम्ही तीन मजले ऐकू जाईल असं वाचलंत, आणि सहीसाठी कागद मला तीन मजले वर न्यावा लागला. पाणी गेलं तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. तेवढ्या वेळात तुमच्या चौदा कविता झाल्या होत्या. पडवीत बसून झाल्या असत्या त्यापेक्षा जास्त.

परत येताना तुम्हाला धाप लागली होती. तेव्हा मला ती उन्हाची वाटली. हे लक्षात ठेवायला हवं होतं.

कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान चालवणारे रफिकभाई आपल्याला पाहून म्हणाले, "क्या दाजी, भेड पे लिखे, भैंस पे लिखे, हमारे पे कब लिखते?"

"अभी लिखता. किती कपडे राहिले?"

"छे शर्ट."

"छे शर्टमें हो जाती."

चौथा शर्ट सुरू असतानाच झाली. दिवसभर दुसऱ्यांच्या सुरकुत्या काढतो, कपाळावरच्या तशाच ठेवून, अशी ती संपत होती. रफिकभाईंनी इस्त्री उभी केली, कपाळावर हात फिरवला आणि सही केली. मग म्हणाले, "बिलकुल सही बोले. पर ये मेरी बेगम को नक्को सुनाना."

सहा वाजून अकरा मिनिटांनी एकोणपन्नासावी झाली. तीही रफिकभाईंनीच ऐकली. एकोणपन्नास कविता, तेहेतीस ऐकणारे. पडवी पुन्हा भरली होती. देशमुखबाईंनी पेढे मागवले होते.

सहा वीसला तुम्ही माझ्या टेबलाजवळ आलात, माझं कोपर धरलंत आणि मला वाचनालयाच्या मागे, स्कूटर लावतात तिथे नेलंत.

"ऐक," म्हणालात, आणि वाचलीत.

अकरा ओळी होत्या. दिवसभर चार गल्ल्यांना ऐकू गेलेला आवाज मला दोन फुटांवरून नीट ऐकू येत नव्हता. ती आक्कावर होती. त्यात काय होतं ते मी इथे लिहिणार नाही.

"कर सही."

"दाजी, मी नात्यातला आहे."

"मला म्हाईत नाय व्हय? साला हायेस माझा."

"मग नियमात बसत नाही."

"अरे, ही भाईरच्याला कशी वाचू? तू तिचा भाऊ. तुझ्याम्होरं बी कशीतरी वाचली."

"अजून आठ मिनिटं आहेत. रफिकभाई समोर आहेत. ते कोणाला सांगणार नाहीत."

तुम्ही तिकडे पाहिलंत. वीस पावलांवर रफिकभाई उभे होते. तुम्ही कागदाकडे पाहिलंत, पुन्हा तिकडे पाहिलंत. नुसती पेनाची टोपी काढत आणि लावत राहिलात. दिवसभर अनोळखी दारांसमोर ओरडून वाचणारा माणूस ती वीस पावलं गेला नाही. मी घड्याळ बघत उभा राहिलो. त्या आठ मिनिटांत माझं मन दोनदा हललं, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. पण सही मी केली नाही.

साडेसहा वाजले. आपण पुढे आलो. देशमुखबाई माइकवर म्हणाल्या, "झाल्या ना पन्नास?" मी कागद पुन्हा मोजायला घेतले. कोणीतरी ओरडलं, "लिहा हो पन्नास! घरचाच कार्यक्रम आहे." दुसरा म्हणाला, "एका कवितेनं काय होतं?" मला वाटलं, आता तुम्ही माझ्याकडे बोट दाखवणार.

तुम्ही माइक हातात घेतलात.

"एकोणपन्नास," म्हणालात. "पन्नासावी तपासणीत बाद झाली. तपासणारा माझा सख्खा साला हाय, तरी त्यानं बाद केली. म्हंजी बाकीच्या एकोणपन्नास किती खऱ्या असतील, सांगा!"

टाळ्या थांबत नव्हत्या. दाजी, कारखान्यात माझ्या सहीवर लाखो सुटे भाग पास झाले. साहेबांनी पाठ थोपटली, प्रमाणपत्रं दिली. पण माझ्या मोजणीचा असा मान कोणी ठेवला नाही. आणि तो ठेवला ज्याचं मन मी नुकतंच मोडलं होतं त्या माणसानं.

लोकांसमोर तुम्ही माझ्या बाजूनं उभे राहिलात. घरी जाताना मात्र सुरुवात केलीत. "कामून रे, एक सही केली असती तर बोट झडलं असतं तुझं?" फाटकापाशी कागद माझ्या खिशात कोंबलात. कारखान्यात बाद झालेला माल आम्ही लाल पेटीत टाकतो हे तुम्हाला माहीत होतं. "घे. टाक तुझ्या लाल पेटीत."

"आक्काला दाखवू?"

"खबरदार! महिनाभर चिडवंल ती. मीच सांगन कधीतरी."

पुढची दोन वर्षं आपण भांडलो. दिवाळीत, प्रकाशच्या साखरपुड्यात, पिशोरला शेताच्या बांधावर. तुम्ही म्हणायचात, ऐकणारा म्हणजे ज्याला कान आहेत तो, नातं कानाला नसतं. मी म्हणायचो, आपल्या माणसाला कविता आवडतेच, म्हणून त्याचं ऐकणं मोजायचं नाही. तुम्ही म्हणायचात, "तुला माझी एक तरी आवडली का आजवर?" मी विषय बदलायचो. तपासणाऱ्यानं माप सांगायचं, मत सांगायचं नाही, ही माझी सवय. आता माप घ्यायला काही उरलं नाही म्हणून मत सांगतो. पन्नासांत ती सगळ्यांत चांगली होती. मला ती सहा बावीसलाच कळली होती.

यंदा तुम्ही लिहिलं नाहीत. पायऱ्या चढवत नव्हत्या. पडवीत खुर्ची टाकून दिवसभर दुसऱ्यांच्या ऐकत बसलात. बाकीच्यांच्या कागदांवर तुमच्या त्रेसष्ट सह्या आहेत. शेवटच्या सात-आठ थरथरलेल्या आहेत. नवीन लिहिणारी मुलगी घाबरत आली की तुम्ही म्हणायचात, "ती तिसरी ओळ परत वाच गं, ती बेस हाय," आणि ती वाचेपर्यंत पेन खाली ठेवायचात. त्या दिवशी तुमच्यासमोर रांग लागली होती. कवींच्या दिवशी ऐकणाऱ्यासमोर रांग लागलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात, नाकाला नळी असताना, तुम्ही मला पाच बोटं दाखवलीत आणि मूठ मिटलीत. पाच आणि शून्य. मी मान हलवून नाही म्हटलं. तुम्ही हसलात. मला वाटलं, अजून खूप वेळ आहे भांडायला.

परवा देशमुखबाईंचा फोन आला. वाचनालयात भिंतीवर तुमच्या नावाची पाटी लावायची आहे, खाली त्या दिवसाचा आकडा. "आता पन्नास लिहू या, संजयराव," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी ठरवलंय, कोणाची हरकत नाही. फक्त तो पन्नासावा कागद द्या, बाकीच्यांबरोबर वहीत लावू." मी दोन दिवस मागून घेतले.

अडचण नियमाची नव्हती. नियम सगळ्यांनी मिळून केला होता, सगळे मिळून बदलू शकत होते, आणि मलाही तो एकदा तुमच्यासाठी मोडावासा वाटत होता. अडचण ही होती की ज्या बाईवर ती कविता आहे तिला ती माहीतच नव्हती. मीच सांगन म्हणालात आणि न सांगता गेलात. आक्काच्या आधी ती सगळ्या कॉलनीनं वाचणं मला बरोबर वाटेना. आणि आक्काला सांगायचं तर सही मी नाकारली हेही सांगावं लागणार होतं.

काल दुपारी तुमच्या घरी गेलो. आक्का पडवीत मेथी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. पेनाची टोपी, वीस पावलं, माझा नकार.

"माझ्यावर? त्यांनी?"

"हो."

"म्हशीवर दोन, अन् माझ्यावर एक."

"एकच आहे, पण अकरा ओळींची आहे."

"वाच."

मी वाचली. मला तुमच्यासारखं वाचता येत नाही. हिशोब सांगावा तसं मी वाचतो. चौथ्या ओळीला तिचा मेथीतला हात थांबला. संपल्यावर म्हणाली, "परत." मी परत वाचली. तिसऱ्यांदा तिनं कागद स्वतः घेतला आणि ओठ हलवत एकेक शब्द वाचला. त्याला बराच वेळ लागला. मी घड्याळ पाहिलं नाही.

"हे त्यांना ध्यानात व्हतं?" ती म्हणाली. "मला वाटायचं, ह्या माणसाचं ध्यान मेंढरातच हाय."

मग डोळे पुसून तिनं विचारलं, "कोणी कोणी ऐकली ही?"

"मी. आणि आता तू."

"अन् ती बाई काय म्हनू राहिली?"

"पाटीवर पन्नास लिहू म्हणतात. ही धरून. त्यासाठी कागद वहीत लावावा लागेल."

"म्हंजी समदे वाचतील."

"ज्याला वाटेल तो वाचेल. दाजींचा आकडा पुरा होईल, आक्का. त्यांची फार इच्छा होती."

तिनं कागदाची घडी घातली. तुमची जुनी घडी होती त्याच रेघांवर. ती पदराच्या टोकात ठेवून वर गाठ मारली.

"एकोणपन्नासच लिहायला सांग," ती म्हणाली. "त्या समद्यांच्या हायेत. ही मोजायची नाय. ही माही हाय."

आपल्या दोघांचे मुद्दे मी तिला समजावून सांगू लागलो, ऐकणारा कोण, नातं कुठे मोजायचं. तिनं मेथीची जुडी पुढे ओढली. दाजी, दोन वर्षांच्या आपल्या भांडणातला एकही मुद्दा तिनं विचारात घेतला नाही.

फाटकाबाहेर येऊन मी देशमुखबाईंना फोन लावला आणि आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "नक्की ना? पाटी एकदाच रंगवायची आहे."

"नक्की," मी म्हणालो. "पन्नासावीच्या मालकिणीला विचारून आलोय."